ब्रिस्बेनचं वार्तापत्र : सुरतेचे सुरती

शनिवारी सकाळी आमच्या घरामागच्या मैदानावर दहा-बारा वर्षांची पोरं फिल्डिंग शिकतात. चेंडू जमिनीलगत सरपटत येतो, पोरगं पळतापळता वाकून तो उचलतं, एक छोटी उडी घेतं आणि खांद्यावरून सणसणीत फेकतं. तासभर एवढंच, बॅटला कुणी हात लावत नाही. सुरतेत, लिंबायतच्या आमच्या गल्लीत, फिल्डिंग धाकट्यांच्या माथी मारायची रीत होती. म्हणून मी इथं थांबून बघत राहतो.

या फेकीत बेसबॉल मुरलेला आहे. पूर्वी ऑस्ट्रेलियात बेसबॉल हिवाळ्यात चाले, त्यामुळे क्रिकेटचा हंगाम संपला की बरेच खेळाडू तिकडे वळत. नील हार्वे खेळले, इयन चॅपेल खेळले. सीमेवरून पळत येऊन केलेल्या फेकीचं मोल या लोकांना लहानपणापासून कळतं.

रुसी सुरतींचं चीज इथं झालं ते यामुळेच, असं मला वाटतं. जन्म 1936 चा, सुरतेचा, आडनावातच गाव. डावखुरे फलंदाज, डाव्या हातानं मध्यमगतीही टाकत आणि फिरकीही, आणि मैदानात कुठंही उभे केले तरी चपळ. जानेवारी 1968 मध्ये इथल्या गॅबावर 395 धावांचा पाठलाग करताना आपण अवघ्या 39 धावांनी हरलो. जयसिंहांचं शतक सगळ्यांना आठवतं. सुरतींचे 52 आणि 64 विसरले जातात. क्वीन्सलंड मात्र विसरलं नाही. पुढच्याच हंगामात ते या राज्याकडून खेळू लागले. शेफील्ड शील्ड म्हणजे इथली रणजी. ती खेळणारे ते पहिले भारतीय.

काळही बघा. गोऱ्यांनाच थारा देणारं इथलं धोरण 1966 मध्ये सैल झालं, पुरतं मोडीत निघालं 1973 मध्ये. त्या मधल्या वर्षांत एक पारशी गडी क्वीन्सलंडची टोपी घालून उतरत होता, तेही एकदाही शील्ड न जिंकलेल्या संघात. ती त्यांना मिळाली थेट 1994-95 मध्ये.

26 कसोटी, 1263 धावा, 42 बळी. अडवलेल्या धावांचा रकाना कुठल्याच धावफलकात नसतो, याची मला खरंच चुटपुट लागते.

2013 मध्ये सुरती मुंबईत वारले. सुरतेत वाढलो, पण त्यांचं नाव माझ्यापाशी कुणी काढलं नव्हतं. मी सुरतेचा म्हटल्यावर परवा मैदानावरचे एक आजोबा 'सर्टी' म्हणाले, गुडघे धरत खाली वाकले आणि डाव्या हातानं गवतावरून नसलेला चेंडू उचलून दाखवला.