उडायचं कुठून, उतरायचं कुठे?

मागच्या वर्षी गणपतीत नणंदेकडे कोल्हापूरला गेले होते. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि भाचीनं माझ्यापुढं दोन जाडजूड माहितीपत्रकं आणून टाकली. एकावर फ्लोरिडाच्या निळ्या आभाळात उडणारं छोटंसं सेसना, दुसऱ्यावर स्पेनमधलं अगदी तसंच विमान.

"मामी, तूच सांग. अमेरिका की युरोप? आईला विचारलं तर म्हणते, बी.एड. कर."

आता मी बी.ए. मराठी. विमानात बसलेय ती दोनदाच, तीही खिडकी मिळावी म्हणून यजमानांशी भांडून. पण महिला मंडळाच्या कामात एक सवय लागलीय. कुणी बाई कर्जाचा कागद घेऊन आली की आधी बारीक अक्षरातलं वाचायचं. म्हटलं, इथंही तेच करू.

वन्सं निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. पेन्शनवर घर चालतं आणि गावाबाहेर एक प्लॉट आहे, बस्स. पायलटचा खर्च अमेरिकेत असो की युरोपात, आपल्या रुपयात तो अर्ध्या कोटीच्या पलीकडं सहज जातो. म्हणजे प्लॉट विकायचा आणि वर शैक्षणिक कर्ज. "लग्नाला ठेवलाय तो," असं एक मावशी चहा पिता पिता बोलून गेल्याच. वन्सं काही बोलल्या नाहीत, पण झोप त्यांचीच उडाली होती.

दिवाळीच्या आधी आम्ही तिघी पुण्याला दोन सल्लागारांकडं जाऊन आलो. पहिला म्हणाला, अमेरिका स्वस्त आणि झटपट. दुसरा म्हणाला, युरोपचं लायसन्स म्हणजे सोन्याचं नाणं, जगात कुठंही चालतं. गंमत अशी की दोघांच्याही बोलण्यात बरंच खरं होतं.

अमेरिकेत लायसन्स देणारी संस्था एफएए. तिथं पायरीपायरीनं शिकवतात. आधी खासगी लायसन्स (किमान ४० तास), मग ढगात उपकरणांच्या भरवशावर उडवायचं रेटिंग, मग कमर्शियल. प्रत्येक पायरीला एक लेखी परीक्षा, पर्यायी उत्तरांची, ७० टक्क्यांना पास. नंतर परीक्षक समोर बसवून तोंडी प्रश्न विचारतो आणि मग विमानात नेतो. फ्लोरिडा, ॲरिझोनासारख्या ठिकाणी वर्षातले बरेच दिवस उडता येतं. पेट्रोल स्वस्त, छोट्या विमानतळांवर उतरण्याचे पैसेही बहुधा लागत नाहीत. स्वस्त पडतं ते यामुळं.

युरोपात ईएएसए. बोलताना सगळे ‘इयासा’ म्हणतात. तिथं अभ्यासाचा डोंगर. एअरलाइनच्या पातळीचे तब्बल १३ पेपर, प्रत्येकात ७५ टक्के, आणि पहिल्या पेपरापासून दीड वर्षाच्या आत सगळे सोडवायचे. हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, विमानाचं वजन आणि तोल, माणसाचं शरीर उंचावर कसं वागतं, सगळं. भाचीचे डोळे चमकले. पहिल्यापासून पुस्तकी किडा ती! मलाही मनातून युरोपच बरं वाटायला लागलं. पोरगी नीट शिकेल, आपल्याला काय.

माझी एक मावसबहीण वीसेक वर्षं आयर्लंडमध्ये आहे. तिचा मुलगा तिथं हेच शिकतोय असं उडत उडत ऐकलं होतं. रविवारी फोन लावला. दहा मिनिटं तिनं पावसाचं रडगाणं गायलं आणि मग एकच प्रश्न विचारला.

"अगं, पण तुझ्या भाचीला युरोपात नोकरी करायचा हक्क आहे का?"

इतके दिवस आम्ही शाळा कुठली, फी किती, हवा कशी, मुलींसाठी हॉस्टेल आहे का, एवढंच विचारत होतो. हा प्रश्न आम्हाला सुचला नाही आणि दोन्ही सल्लागारांनी तो काढला नाही.

मग तिनं समजावून सांगितलं. तिच्या मुलाकडं आयरिश पासपोर्ट आहे. १३ पेपर देऊन, साधारण २०० तास उडवून तो थेट एअरलाइनच्या उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट म्हणून बसू शकतो. पूर्ण एटीपीएल लायसन्स १५०० तास झाल्यावर मिळतं, तोवर त्याला ‘फ्रोझन’ म्हणतात. त्याच्यासाठी युरोपच बरोबर. पण तिथल्या बहुतेक कंपन्या जाहिरातीतच लिहितात, की युरोपीय संघात राहून काम करायचा हक्क हवा. आपल्या भारतीय पासपोर्टवाल्या मुलीनं तिथं सोन्याचं नाणं मिळवलं तरी वाजवायचं कुठे? बरं, युरोप म्हणजे इंग्लंडही नव्हे. २०२० च्या अखेरीपासून ब्रिटन इयासाच्या बाहेर आहे, त्यांचं लायसन्स वेगळं.

अमेरिकेतही तोच अडसर, फक्त दुसऱ्या दारात. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ एक प्रवासी विमान पडून ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून तिथं को-पायलटलाही एअरलाइनचं पूर्ण लायसन्स लागतं, म्हणजे सर्वसाधारणपणे १५०० तास. विमानशास्त्राची पदवी वगैरे असेल तर थोडी सूट. तिथली मुलं काय करतात, कमर्शियल झाल्यावर इन्स्ट्रक्टर होतात आणि दुसऱ्यांना शिकवत पगारावर तास जमवतात. पण परदेशी विद्यार्थ्याला एम-१ व्हिसावर शिक्षणानंतर काम करता येतं ते जास्तीत जास्त सहा महिने, एफ-१ वर साधारण वर्षभर. पुढं एअरलाइनमध्ये शिरायला कामाचा हक्क पुन्हा वेगळा. ‘शिकवता शिकवता कमवा’ असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं, सहा महिन्यांचं मात्र कुठंच नव्हतं.

म्हणजे आमच्या पोरीला उतरायचं होतं शेवटी मुंबई-दिल्लीतच. हे एकदा कळलं आणि मी वही काढली. भारतात कोण लायसन्स देतं? डीजीसीए. त्यांना काय हवं? कमर्शियलसाठी २०० तासांचं उड्डाण, त्यातले १०० तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून. आता गंमत बघा. अमेरिकेत काही मान्यताप्राप्त शाळांमधून १९० तासांतच कमर्शियल मिळतं. युरोपातला सलग कोर्स १९५ तासांचा, आणि त्यात ५५ पर्यंत तास जमिनीवरच्या सिम्युलेटरचे असू शकतात. तिथं ते पूर्ण लायसन्सच आहे, पण इथं आणलं की तास कमी पडतात! मग उरलेले तास पुन्हा पैसे भरून करायचे. शिवाय परदेशी लायसन्स आणलं तरी हवाई नियम, नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र हे डीजीसीएचे पेपर चुकत नाहीत. युरोपात १३ पेपर देऊन आलेल्यालाही नाहीत. आणि नोकरीच्या आधी मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग असतं, त्याचे काही लाख आणखी वेगळे. हा आकडा तर दोन्ही सल्लागारांच्या कागदावर नव्हता.

मी सगळं एका पानावर लिहून भाचीला दिलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "पण मामी, युरोपात खरंच जास्त शिकवतात गं."

शिकवत असतीलही. तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही आणि तसा प्रयत्नही केला नाही. पण प्लॉट एकच आहे.

शेवटी ठरलं असं. परदेशाचं पाऊल उचलायच्या आधी वैद्यकीय तपासणी, पहिल्यांदा क्लास टू आणि मग क्लास वन. डोळ्यात, कानात काही निघालं तर ते आत्ता कळू दे, प्लॉट गेल्यावर नको. मग डीजीसीएचे पेपर इथंच, घरी बसून. आणि त्यानंतर अमेरिका, पण शाळेला आधी लेखी विचारायचं, की २०० तास आणि त्यातले १०० मुख्य वैमानिक म्हणून, हे ठरलेल्या फीमध्येच बसतात का. तीन शाळांना पत्रं गेली. दोघांनी गोलमाल उत्तर दिलं, एकीनं तासांचा तक्ता पाठवला. सगळी फी एकदम भरायची नाही, उडेल तसे टप्प्यानं पैसे, ही अट वन्संनी घातली. शिक्षिका आहेत, फळ्यावर लिहावं तशी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घातली.

क्लास वन झालं. हवाई नियमांचा पेपर सुटलाय, नेव्हिगेशनमध्ये ६४ पडले, म्हणजे गेला. तो पुन्हा द्यायचाय. परवा वन्संचा फोन आला होता. प्लॉटला गिऱ्हाईक आलं होतं म्हणे, भावही बरा देत होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय वहिनी, त्याला म्हटलं नेव्हिगेशनचा निकाल लागू दे, मग ये. त्याला काही कळलंच नाही."