डावीकडचं शून्य आणि पायथन



संख्येच्या डावीकडे शून्य लिहिलं तरी किंमत बदलत नाही, हे आपण वर्गात कितीदा सांगतो! ०१० म्हणजे १०च. पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत, पायथन २ मध्ये, ०१० लिहिलं की संगणक ते ८ समजायचा. (इथे अंक मराठीत लिहिलेत, प्रोग्राममध्ये ते इंग्रजीत टाइप करायचे.)

असं का? ही पद्धत सी भाषेकडून आलेली. सुरुवातीला शून्य दिसलं की संख्या अष्टमान पद्धतीतली धरायची, असा नियम. त्या पद्धतीत ० ते ७ एवढेच अंक आणि एककाच्या डावीकडे दशकाऐवजी आठाचं घर. म्हणून ०१० म्हणजे एक आठ आणि शून्य एकक, ८. तसंच ०१२ म्हणजे आठ अधिक दोन, १०.

आता समजा, गैरहजर मुलांचे हजेरी क्रमांक प्रोग्राममध्ये ००३, ०१०, ०१२ असे टाकले. पायथन २ ते ३, ८, १० असे घेणार. आठ नंबरची मुलगी वर्गात बसलेली आणि तिच्या घरी निरोप, "आज शाळेत आली नाही." आईची काय अवस्था होईल! आणि बारा नंबरचा मुलगा खरंच आलेला नाही, पण त्याच्या घरी पत्ताच नाही. बरं, ००८ टाकलं असतं तर प्रोग्राम लगेच अडला असता, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही. म्हणजे कधी अडणार, कधी गुपचूप चुकणार.

२००८ मध्ये आलेल्या पायथन ३ मधून हे लेखन काढून टाकलं. तिथे ०१० लिहिलं की सरळ चूक दाखवली जाते. मग त्याची किंमत १० का नाही केली? कारण जुन्या प्रोग्राममध्ये कुणी ते ८ म्हणूनच लिहिलं असेल, तर तिथे न कळत १० झाले असते. त्यापेक्षा थांबलेलं बरं. मला तरी हे पटतं. अष्टमान संख्या हवीच असेल तर आता आधी शून्य, मग इंग्रजी ओ अक्षर आणि पुढे संख्या लिहायची. शून्य आणि ओ शेजारी शेजारी, डोळ्यांना त्रासच, पण निदान चुकून तरी लिहिलं जात नाही.

सी आणि जावा भाषांत मात्र जुना नियम अजून चालतो. आणि हजेरी क्रमांक ०१० असाच दिसायला हवा असेल, तर मुलांना तो अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून लिहायला सांगा. त्याची कुठे बेरीज करायची असते?