लंडनच्या जुन्या पबांची पायी सहल

लेकीच्या बाळंतपणाला लंडनला गेलात, टॉवर झाला, राजवाडा बाहेरून पाहिला, की जावई विचारतात, "आई, आता काय बघायचं?" बिनदिक्कत सांगा, "जुने पब!" दचकलात ना? अहो, प्यायलाच हवी असं थोडंच आहे! संत्र्याचा रस मागितला तरी कोणी नाक मुरडत नाही.

पब म्हणजे पब्लिक हाउस. आपल्याकडची चावडी आणि खानावळ एका छपराखाली आणली, तर जे होईल ते. जुने पब पायी हिंडून दाखवणारे गाइड असतात. ते बहुधा भुयारी रेल्वेच्या स्टेशनाशी भेटतात. पायांत मऊ बूट घाला आणि छत्री विसरू नका. पबमध्ये वेटरची वाट बघत बसायचं नाही. काउंटरवर जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे.

नदीच्या दक्षिणेला, सदर्कमध्ये 'जॉर्ज' आहे. १६७६च्या आगीनंतर पुढच्याच वर्षी तो पुन्हा बांधला. घोडागाड्यांचे उतारू इथे मुक्काम करीत. लाकडी सज्जे पाहून वाड्याची आठवण येते. पुढे रेल्वेने बाकीच्या बाजू पाडल्या, एकच उरली.

पूल ओलांडला की 'ब्लॅक फ्रायर'. पूर्वी इथे मठ होता, म्हणून १९०५च्या सुमारास पब आतून सजवताना भिंतींवर गुबगुबीत साधू कोरले. एका चित्रात ते मासे पकडताहेत, कारण उद्या शुक्रवार, म्हणजे मांस वर्ज्य. उपासाची आदल्या दिवशीची तयारी काय फक्त आपल्याच घरात असते? १९६०च्या दशकात हा पब पाडायला निघाले होते. कवी जॉन बेटजेमन आणि इतरांनी ओरड केली म्हणून वाचला.

तिथून फ्लीट स्ट्रीट, एके काळची वर्तमानपत्रांची गल्ली. एका बोळात 'चेशायर चीज' आहे, १६६७चा. आत काळोख, बुटकी छपरं. एका दारावर 'इथे फक्त सद्गृहस्थांनाच मिळेल' अशा अर्थाची जुनी पाटी आहे. आता ती नुसती शोभेची.

पण तशी पाटी काही अंतरावरच्या 'एल व्हिनो'त अगदी परवापरवापर्यंत खरी होती, म्हणा ना! बायकांनी काउंटरशी उभं राहायचं नाही, मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं, तिथेच आणून देऊ, असा नियम. वरवर पाहता मोठा मान! पण वकील-पत्रकारांच्या बातम्या शिजायच्या त्या काउंटरशी, आणि बाई मात्र मागे. पत्रकार ॲना कूट आणि सॉलिसिटर टेस गिल या दोघी कोर्टात गेल्या. स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा १९७५चा, तरी खालच्या कोर्टात हरल्या. १९८२च्या नोव्हेंबरात अपिलात जिंकल्या.

तेव्हा गाइड घाई करू लागला तरी इथे दोन मिनिटं थांबा. खुर्ची रिकामी असली तरी बसू नका. काउंटरशी उभ्या राहून काय हवं ते मागा.