पाय उचलेपर्यंत गाडी किती पुढे?

दिवा जंक्शनवर पनवेल आणि वसईचे फाटे फुटतात. तेथे रूळ ओलांडणारा म्हणतो, "गाडी दिसली की मागे सरकेन!" पण दिसणे आणि सरकणे यांत किती वेळ जातो? मोजून पाहू.

मित्राला एक फूटपट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्यापाशी आपली चिमूट उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. बहुधा २० सेंटिमीटरच्या आसपास ती हाती लागते. मुक्तपतनाच्या सूत्राने हा काळ ०.२ सेकंद येतो. ताशी ९० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात ५ मीटर पुढे आलेली असते!

हा वेळ खातो कोण? १८५० साली हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला, म्हणजे आपल्या गाडीहून जेमतेम अधिक. (हा वेग मोजताच येणार नाही, असे त्याचे गुरू म्युलर यांचे मत होते!) आपल्या हाताच्या स्नायूंकडे जाणारे तंतू याच्या दुपटीने संदेश नेतात. मानेपासून बोटांपर्यंत सेकंदाचा साठावा भागही लागत नाही. पायाची वाट थोडी लांब. बाकीचा वेळ मुख्यतः डोळा, मेंदू आणि स्नायू घेतात. शिवाय पट्टी फक्त पकडायची असते. रुळांत "पुढे की मागे?" असा पेच पडला की मेंदू आणखी वेळ घेतो.

मग भीतीने सुटणारे अ‍ॅड्रेनॅलिन? ते रक्तातून पसरायला काही सेकंद लागतात आणि ओसरायला काही मिनिटे. गाडी निघून गेल्यावरही छाती धडधडत राहते ती त्यामुळेच.