पांगाऱ्याचें नगर : च्वानचौ

वाचकहो, फाल्गुनाच्या सुमारास आपल्या कोंकणांत पांगारा पानें गाळून तांबड्या फुलांनीं पेटल्यासारखा दिसूं लागतो, हें आपण पाहिलेंच असेल. हेंच झाड चीन देशाच्या आग्नेय किनाऱ्यावरील एका नगरानें दहाव्या शतकांत आपल्या तटाभोंवतीं लाविलें. त्याचें चिनी नांव ‘त्सथुंग’. तें अरबी व्यापाऱ्यांच्या तोंडीं ‘झैतून’ असें होऊन दूरदूरच्या बंदरांत पसरलें. फूज्यान प्रांतांतील हें नगर म्हणजे च्वानचौ. त्याची थोडीशी ओळख करून द्यावी, एवढाच आमचा हेतु आहे.

इ. स. १०८७ सालीं सुंग राजांनीं येथें समुद्रव्यापाराची कचेरी स्थापिली आणि नगराचा भाग्योदय झाला. रेशीम व चिनी मातीचीं भांडीं येथून बाहेर जात. मिरीं व सुगंधी लांकडें आंत येत. १९७४ सालीं येथील खाडीच्या गाळांतून सुंग काळचें एक गलबत उकरून काढण्यांत आलें. त्याचे तेरा कप्पे असून त्यांत सुगंधी लांकूड व मिरीं सांपडलीं. मार्को पोलो व इब्न बतूता ह्या दोघांही प्रवाशांनीं ह्या बंदराची गणना जगांतील सर्वांत मोठ्या बंदरांत केली आहे.

व्यापाऱ्यांबरोबर त्यांचे धर्मही आले. इ. स. १००९ मध्यें बांधलेली दगडी मशीद अद्याप उभी आहे. तामिळ व्यापाऱ्यांनीं येथें शिवालय उभारिलें होतें; त्यांचा १२८१ सालचा तामिळ शिलालेख उपलब्ध आहे. तें देऊळ आज राहिलें नाहीं. परंतु इ. स. ६८६ मध्यें स्थापन झालेल्या खाययुआन ह्या बौद्ध मंदिराच्या मागील बाजूस नरसिंह व कृष्ण ह्यांचीं चित्रें कोरलेले दोन खांब आहेत. हिंदूंच्या देवळाचे खांब बौद्धांनीं आदरानें आपल्या मंदिरास लावावे, हें पाहून कोणास कौतुक वाटणार नाहीं?

ह्याच मंदिराच्या आवारांत तेराव्या शतकांतील दोन दगडी मनोरे आहेत. १६०४ सालच्या भयंकर भूकंपांतही ते ढळले नाहींत. नगराच्या ईशान्येस लुओयांग नदीच्या मुखावर १०५३ ते १०५९ ह्या वर्षांत बांधलेला पूल आहे. तेथें भरतीचा जोर फार. म्हणून कारागिरांनीं प्रथम नदीच्या तळाशीं दगडांची रास पसरिली आणि तिच्यावर कालवें वाढविलीं. कालवांच्या कवचांनीं दगड एकमेकांस घट्ट चिकटून राहिले! शुनपू नांवाच्या कोळ्यांच्या गांवांत तर घरांच्या भिंतीही कालवांच्या कवचांच्या आहेत. तेथील स्त्रिया अंबाड्याभोंवतीं फुलांचीं कडीं माळतात. सायंकाळीं नगरांत ‘नानयिन’ हें प्राचीन संगीत ऐकूं येतें. बासरी व आडवी धरलेली वीणा हीं त्याचीं मुख्य वाद्यें होत. दोऱ्यांनीं नाचविलेल्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळही येथें फार नामांकित आहे.

परंतु हें वैभव टिकलें नाहीं. १३५७ ते १३६६ पर्यंत नगरांत परकीय सैनिकांचें बंड चाललें आणि शेवटीं पुष्कळ परदेशीयांची कत्तल झाली. पुढें मिंग राजांनीं १३७१ सालीं खाजगी समुद्रव्यापारास बंदी केली; बंदरांत गाळही साचत गेला. ज्या नगरानें परक्यांस घर दिलें, त्याचींच मुलें आतां पोटासाठीं मलाया, जावा व फिलिपाईन बेटें येथें परकीं म्हणून जाऊं लागलीं. तीं घरीं पत्र धाडीत, त्याच पत्रासोबत पैसेही पाठवीत. अशा पत्रांवर कित्येक वृद्ध आईबापांच्या चुली पेटत. २०१३ सालीं ह्या पत्रांची नोंद युनेस्कोनें जगाच्या स्मृतिसंग्रहांत केली.

१९७८ नंतर चीननें व्यापाराचीं दारें पुन्हां उघडलीं, तेव्हां दूरदेशीं गेलेल्या ह्याच लेकरांचा पैसा व अनुभव गांवाच्या कामीं आला. चिनच्यांग येथें लहान लहान कारखान्यांतून जोडे व कपडे होऊं लागले, आणि आज ते देशोदेशीं जातात. दहुआची शुभ्र चिनी माती, आनशीचा चहा व हुइआनचें दगडी कोरीवकाम हे जुने धंदेही भरभराटले आहेत. २०२० सालीं नगर व त्याचा परिसर मिळून वार्षिक उत्पन्न एक लक्ष कोटी युआनांच्या वर गेलें. २०२१ सालीं येथील बावीस प्राचीन स्थळें जागतिक वारसा म्हणून मान्य झालीं.

ह्या इतिहासापासून आम्हांस एकच गोष्ट दिसते. च्वानचौचें दार परक्यांसाठीं उघडें होतें तोंवर लक्ष्मी तेथें नांदली. दार लागलें तेव्हां घरच्या लेकरांनाच दुसऱ्यांच्या दारीं उभें राहावें लागलें. पुढच्या फाल्गुनांत पांगारा फुललेला दिसेल, तेव्हां वाचकांनीं ह्या दूरच्या नगराची आठवण अवश्य करावी.