नवे यंत्र आणि शिकण्याची मजुरी

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो असा : नवनवी उपकरणे, त्यांतील सॉफ्टवेअर आणि समाजमाध्यमे यांच्या बरोबरीने सामान्य माणसाने चालावे कसे? विषय ऐकून आम्ही प्रथम नाहीच म्हणणार होतो. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंत. त्यापुढचे वाचनालयात, एस. टी. च्या प्रवासात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर पुढच्या तारखेची वाट पाहत झाले. परंतु चालकांना नकार देण्यासाठी तोंड उघडले आणि तात्या आठवले.

हे तात्या म्हणजे एका ठेकेदाराकडे अठरा वर्षे काम करून मोकळे झालेले आमचे एक सभासद. त्यांच्या पगारातून दर महिन्याला बारा टक्के भविष्यनिर्वाह निधी कापला जाई आणि मालकाचा हिस्सा त्यात पडे. हे पैसे काढायचे म्हणून ते एका संध्याकाळी मुलाने दिलेला फोन घेऊन आमच्याकडे आले. २०१४ सालापासून या खात्याला एक कायमचा क्रमांक असतो. तो क्रमांक घातला की आधारला जोडलेल्या मोबाईलवर सहा आकड्यांचा परवलीचा अंक येतो, तोच ओटीपी. अंक येण्याची आम्ही दोघे वाट पाहत बसलो. तो आला नाही, कारण आधारला जोडलेले सिम तात्यांनी रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद पडले होते, आणि बंद पडलेला क्रमांक कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते. तात्यांच्या अठरा वर्षांच्या घामाची किल्ली कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजत असेल, हे त्यांना समजावून सांगताना आमचीच जीभ जड झाली. ते म्हणाले, "दादा, पैसे माझे, आणि मीच तो मी हे या डबीला पटवायचं?" वर त्यांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक अक्षर जास्त होते. गुहागरच्या खेपा, आधार केंद्रावरची रांग आणि बुडालेले रोज यांचा हिशेब आम्ही पुढे मांडला, तेव्हा तो सव्वादोन हजारांवर गेला.

हे शिकणे, ही धावपळ, हा वेळ यांना लोक 'काळाबरोबर चालणे' म्हणतात. आमच्या मते ते काम आहे. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि चुकले तर नुकसान होते. मग या कामाची मजुरी कोण देतो? आजच्या व्याख्यानात आम्ही एवढाच प्रश्न विचारणार आहोत. पण त्याआधी फोन जुना होतो म्हणजे नेमके काय होते, ते पाहू.

विळा बोथट होतो, पंपाचा वॉशर झिजतो. फोनचे तसे नाही. त्याची बॅटरी काही वर्षांनी दुबळी होते हे खरे, पण बाकीचा फोन धडधाकट असतानाही तो निरुपयोगी ठरू शकतो. कारण फोनच्या आत एक मूळ सॉफ्टवेअर असते, त्यावर बाकीची अ‍ॅप्स उभी असतात, आणि ही दोन्ही दूरच्या कंपन्या आपल्या सोयीने बदलत असतात. २०२५ च्या १ जानेवारीपासून व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइडच्या ४.४ या आवृत्तीवर चालणे सोडले. त्या दिवशी त्या फोनांत काहीच बिघडले नव्हते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची विनामूल्य दुरुस्ती थांबविली. कॉम्प्युटर सुरू राहतो, परंतु नव्याने सापडलेली भोके बुजविली जात नाहीत, आणि चोर नेमका त्याच भोकांतून शिरतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली तीही असेच एक वळण घेऊन. तिच्या जाळ्यावर जुने टू-जी फोन चालतच नाहीत, त्यामुळे स्वस्त डेटा हवा तर नवा फोन घेणे आले. वस्तू आपण विकत घेतली असे आपण समजतो. व्यवहारात तिची चावी दुसऱ्याकडे राहते.

समाजमाध्यमांची गोष्ट थोडी निराळी. आमच्या समोरच्या दाभोळचे उदाहरण घ्या. एके काळी दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. अरबस्तानापर्यंतची गलबते तेथे लागत. गलबते येत म्हणून व्यापारी येत, आणि व्यापारी येत म्हणून गलबते येत. १५०८ साली पोर्तुगीजांनी ते जाळले, व्यापाराची वाट पुढे हळूहळू बदलली, आणि मग खाडी तीच, पाणी तेच, पण बाजार गेला. समाजमाध्यमाची किंमत अशीच त्यावर असणाऱ्या माणसांत असते. ऑर्कुट २००४ साली निघाले, आपल्याकडच्या तरुणांनी ते डोक्यावर घेतले, आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते मिटले. लोक आधीच फेसबुकावर गेले होते. टिकटॉकवर आपल्या सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातली आणि लाखोंच्या संख्येने जमविलेले प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. म्हणून अमुक माध्यम 'शिकलो नाही' याची खंत फारशी करू नये. पुतण्या एखाद्या नव्या अ‍ॅपचे नाव सांगून हसला तर हसू द्यावे. तीन वर्षांनी ते बंदर असेलच असे नाही. मात्र वाडीतले सगळे लोक, शाळेचे मास्तर, ग्रामपंचायत आणि मुकादम जर एकाच व्हॉट्सअ‍ॅपवर बसले असतील, तर तेथे न जाणे हा तुमचा निर्णय राहत नाही. पाण्याची पाळी कधी, हेसुद्धा तेथेच कळते.

आता कोणी म्हणेल, हा युनियनवाला यंत्राचा वैरी दिसतो. तसे असते तर आम्ही अंजनवेलात उभे राहून बोलू शकलो नसतो. येथील दर्यावर्दी माणसाने नवे यंत्र नाकारल्याचे आम्ही फारसे पाहिले नाही. त्याच्या वाडवडिलांनी दीपगृहाच्या आणि गोपाळगडाच्या खुणेवर होडी खाडीत आणली. त्याने होकायंत्र घेतले, मग इंजिन, मग जी. पी. एस., मग पाण्याखालचे मासे दाखविणारा फिश फाइंडर. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मासे कोठे सापडण्याचा संभव आहे ते कळविते. तिचे काम कसे चालते पाहा. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान मोजतो आणि पाण्याच्या रंगावरून त्यातील सूक्ष्म वनस्पती किती ते ओळखतो. थंड व उबदार पाणी जेथे एकमेकांस भिडते, तेथे या वनस्पती वाढतात, त्यांवर जगणारे जीव जमतात आणि त्यांच्या मागे मासा येतो. ही माहिती तांडेलाच्या फोनवर येते. डिझेल वाचते हे त्याला पहिल्या फेरीतच कळते, म्हणून ते वाचायला तो कोणाच्या आग्रहावाचून शिकतो. साठीचा तांडेल, ज्याला वीजबिल फोनवरून भरता येत नाही, तो अक्षांश-रेखांश तोंडपाठ सांगतो. म्हातारपणी शिकता येत नाही या समजुतीवर आमचा विश्वास त्यामुळेच उडाला आहे.

पण याच दर्यावर फोनची मर्यादाही कळते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आले, तेव्हा खोल समुद्रात गेलेल्या होड्यांपर्यंत इशारा पोचविणे हीच मोठी अडचण होती. मोबाईल किनाऱ्यापासून काही मैलांवर मुका होतो. कोकणातले कितीतरी खलाशी त्या वेळी परत आले नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तर जमिनीवरच, पलीकडच्या दापोली-मंडणगडच्या बाजूस विजेचे खांब व मोबाईलचे मनोरे कोसळले आणि मुंबईच्या चाकरमान्यांना घरच्यांची खुशाली कित्येक दिवस कळली नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते जी योजना सुरू झाली, तिच्यात एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी थेट बोलणारे ट्रान्सपाँडर बसविण्याचे ठरले. मोबाईलचे जाळे नसले तरी त्यावरून संकटाचा संदेश जातो व किनाऱ्यावरचा इशारा येतो. असे यंत्र शिकण्यास वेळ लागला तर तो जरूर लावावा. आमची सूचना एवढीच, की शिकविणारा माणूस बंदरावर यावा आणि होडीवर चढून शिकवावे.

मजुरीचा प्रश्न येथेच येतो, आणि तो आजचा नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्याच्या कचेरीत कॉम्प्युटर येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारा केला. त्यांची नोकऱ्यांची भीती खरी होती. पण यंत्र कायमचे अडविता येत नाही हेही पुढे दिसले. बँक कर्मचाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. १९८३ साली त्यांच्या संघटनांनी बँकांशी यांत्रिकीकरणाविषयी करार केला : यंत्रे किती व कोठे यावीत, आणि ती चालविणाऱ्यास वेगळा भत्ता काय मिळावा, हे कागदावर आले. नवे शिकणे हे काम आहे आणि त्याला दाम आहे, हे त्या करारात मान्य झाले. आम्ही तरुणपणी अशा करारांना तडजोड म्हणून नाके मुरडली होती. ती आमची चूक होती, हे आज सांगावयास हरकत नाही.

त्यानंतरच्या पिढीत हा खर्च हळूच कामगाराच्या अंगावर सरकला. २००१ साली निघालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम राज्यातल्या खेड्यापाड्यांतून लोकांनी केला आणि त्याने अनेकांची भीड मोडली, हे त्याचे श्रेय. पण फी बहुधा उमेदवाराने आपल्याच खिशातून भरली. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल अ‍ॅपवरून दिवसातून दोन वेळा, जागा व वेळ नोंदविणारे फोटो घेऊन हजेरी लावण्याची सक्ती झाली. डोंगरात रेंज नसली आणि फोटो चढला नाही, तर माती उपसलेली असूनही हजेरी अडत असे. यंत्र अडखळले तर नुकसान कोणाचे, हे ज्यांनी अ‍ॅप बनविले त्यांनी ठरविले होते. ज्याच्या हातात फावडे होते त्याला कोणी विचारले नव्हते.

आणि मुकादमाचा तो व्हॉट्सअ‍ॅप गट. पूर्वी पाळी संपल्याचा भोंगा झाला की माणूस आपल्या घरचा असे. आता रात्री साडेदहाला 'उद्या सहाला या' असा निरोप येतो आणि तो न पाहणारा सकाळी बिनकामाचा परततो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेबाहेर फोनपासून मोकळे राहण्याच्या हक्काबाबत मोठ्या कंपन्यांनी कामगारांशी बोलणी करावी असा कायदा आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी या हक्काचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झालेला नाही. ठेक्यावरच्या माणसाला असा कायदा कितपत उपयोगी पडेल याची आम्हांला शंका आहे, कारण त्याला कामावर न घेण्याला कारण द्यावे लागत नाही.

नवे ते स्वस्त किंवा नवे ते टिकाऊ असेही धरून चालू नये. हे अंजनवेलकरांना आम्ही काय सांगावे? आपल्या उशाशी ७४० मेगावॅटचा विद्युत प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला, आणि वीज परवडत नाही म्हणून राज्य वीज मंडळाशी वाद होऊन २००१ साली थांबला. यंत्रे कोरी होती. हिशेब चुकला होता.

आमच्या कचेरीत, म्हणजे एका सभासदाच्या पडवीत, गेली काही वर्षे रविवारी संध्याकाळी एक टेबल मांडतो. दहावी-बारावीच्या दोन मुली बसतात. त्यांना आम्ही तासाचे पैसे देतो, फुकट शिकवा म्हणत नाही. येथे येणाऱ्याने प्रथम एवढेच पाहायचे : आधारला, बँकेला व निधीला जोडलेले सिम चालू आहे ना, नाव तिन्ही ठिकाणी एकच आहे ना. मग पैसे मागण्याची आणि पैसे घेण्याची फोनवरची खूण वेगळी कशी ओळखावी, ते शिकायचे. पैसे मिळविण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. फसगत झालीच तर लाजून घरी बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडविता येण्याचा संभव अधिक. बाकी चेहऱ्यावर कुत्र्याचे कान लावणारे अ‍ॅप वगैरे आम्ही शिकवीत नाही. ते ज्याला हवे त्याला नातवंडे शिकवितात, आणि अधिक चांगले शिकवितात. पुढच्या वेतनकरारात आम्ही एक मागणी घातली आहे : मालकाने कोणतेही नवे अ‍ॅप कामावर आणले तर ते शिकण्याचे दोन तास पगारी धरावेत, आणि पहिला महिना अ‍ॅपच्या चुकीने गेलेली हजेरी कागदावरून भरून द्यावी. मालकपक्ष हसला. मात्र मागणी टिपणात आली आहे.

तात्यांचे पैसे पाच महिन्यांनी खात्यात जमा झाले. मुलाने दिलेला तो मोठा फोन त्यांनी नातीला अभ्यासाला देऊन टाकला. नवे सिम बटणांच्या छोट्या फोनात घालून तो ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेबलापाशी येऊन विचारतात, "बघ गो बाय, चालू आहे ना अजून?"