लाल मिरची, हिरवी मिरची

भुईगावात मामाच्या वाडीत मिरची खुडायला गेलं की एक गोष्ट ठरलेली असायची. हिरव्या पानांतली पिकलेली मिरची मामाला चटकन सापडायची नाही. तो बोटांनी चाचपून बघायचा, तरी टोपलीत दोन्हींची सरमिसळ व्हायचीच. "अहो, लक्ष कुठंय तुमचं?" मामी ओरडायची. लक्ष पुरेपूर असायचं. लाल आणि हिरवा त्याला जवळपास सारखेच दिसत होते.

रंगांधळ्या माणसाला जग काळं-पांढरं दिसतं, असं लोक धरून चालतात. तसं फारच क्वचित होतं. रंग ओळखायला डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांतली लाल किंवा हिरव्यासाठीची नसली किंवा बिघडलेली असली, की लाल, हिरवा, तपकिरी एकमेकांत मिसळतात. निळ्या-पिवळ्याचा गोंधळ दुर्मीळ. भुईगावचा समुद्र मामाला निळाच दिसतो.

"बापावर गेलाय" हेही इथं खोटं ठरतं. लाल-हिरव्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलाला एक्स मिळतं ते फक्त आईकडून. मुलींकडे दोन एक्स असतात; एक चांगलं असलं तर बहुधा निभावतं. म्हणून आजीकडून तो मामाला मिळाला, आणि आईला स्वतःला काहीच त्रास नसताना तिच्यामार्फत माझ्या भावाला. शाळेत नकाशातलं जंगल त्याने तपकिरी रंगवलं, तेव्हा मार मिळाला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

हा दोष जन्मतःच असतो, नंतर येत नाही, हा समज सगळ्यांत धोक्याचा. टीबीवरच्या इथॅम्ब्युटॉलने डोळ्याच्या नसेला इजा होऊ शकते. औषध चालू असताना लाल रंग फिका वाटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मनाने गोळ्या बंद करू नका. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह यांनीही रंग बदलतात. जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो आणि वाढत नाही. नंतर आलेला एका डोळ्यात जास्त असू शकतो, म्हणून एकेक डोळा झाकून जास्वंदीचं फूल बघावं.

खास चष्म्यांनी काहींना रंगांतला फरक ठळक जाणवतो, पण दोष बरा होत नाही.

आणि शिक्षण? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट-संकलनासाठी निवडलेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला गेला होता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढायला लावली. त्याआधी, 2020 मध्ये, सौम्य व मध्यम दोष असलेल्यांना वाहन परवान्याची वाट मोकळी झाली होती. भावाने तेव्हाच परवाना काढला. उभ्या सिग्नलला तो वरचा दिवा लागला की थांबतो, खालचा लागला की निघतो.